सुट्ट्यांच्या यादीत नसलेली अखाजी

आपण मागास भागात राहतो हे मला सरकारी कागदावरून कळलं. तोवर तशी शंकाही आली नव्हती. भडगावला गिरणेच्या काठी घर, घरची केळी-कपाशी, चार म्हशी, आणि मी पुण्याला मावशीकडे राहून बी. कॉम. झालेली. ऐंशीचं दशक संपत आलं तेव्हा धुळ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका छोट्या कारखान्यात मला नोकरी लागली आणि पहिल्याच दिवशी टेबलावर फाइल आली. मागास जिल्ह्यात उद्योग काढणाऱ्यांना काय काय सवलती मिळतात, त्याची. मी ती वाचली आणि मला उगाचच राग आला. जमीन स्वस्त, करात सूट, आणि वर हे विशेषण.

कारखाना ट्यूबलाइटच्या चोकचा. मुख्य कंपनी ठाण्याची. तांब्याची तार ठाण्याहून ट्रकने आग्रा रोडने धुळ्याला यायची, इथे बॉबिनवर गुंडाळली जायची, तिच्यात लोखंडी पट्ट्या भरल्या जायच्या, आणि चोक तयार झाला की त्याच रस्त्याने तो परत ठाण्याला जायचा. ही वरात पहिल्यांदा कळली तेव्हा मला हसू आलं होतं. पण या वरातीवर तीस बायकांची घरं चालत होती, त्यामुळे पुढे हसणं बंद केलं.

ठाण्याचे एक साहेब दर तीन महिन्यांनी यायचे. माणूस वाईट नव्हता, पण त्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीचा एकच प्रश्न असायचा: हे ठाण्यात केलं तर? तार तिथेच, गिऱ्हाईक तिथेच, मग मधे तीनशे किलोमीटरचा हेलपाटा कशाला? सवलती आहेत तोवर ठीक आहे, म्हणायचे, पण सवलत म्हणजे कुबडी, तिच्यावर किती दिवस चालायचं? आमचे मॅनेजरही ठाण्याचेच. पण दोन वर्षांत त्यांना धुळ्याची सवय झाली होती, शेवभाजी पचायला लागली होती, आणि कारखाना इथेच राहावा असं त्यांना मनापासून वाटायचं. साहेबांपुढे मात्र ते मान डोलवायचे.

साहेबांची सगळ्यात मोठी तक्रार पोरींची होती. चोकचं सगळं काम वाइंडिंगवर अडतं. केसासारखी तार, बोटाच्या दाबाने सारखी धरायची, न तोडता, वेढ्यावर वेढा बसवत न्यायची. हात बसायला वर्ष जातं. कारखाना निघाला तेव्हा जवळच्या खेड्यातल्या आठ पोरी घेऊन त्यांना ठाण्याहून आलेल्या बाईने शिकवलं. सोन्यासारखे हात तयार झाले. आणि दीड-दोन वर्षांत एकेकीची लग्नं होऊन त्या सासरी गेल्या. साहेब म्हणाले, आपण कारखाना चालवतोय की लग्नाळू मुलींची शाळा?

यावर तोड मी काढली. मला तेव्हा माझ्या हुशारीचा फार अभिमान होता. मी मॅनेजरांना म्हटलं, वाइंडिंगवर पोरी घेऊच नका, सुना घ्या. पोर उडून जाते, सून कुठे जाणार? मॅनेजरांना ते इतकं पटलं की त्यांनी ठाण्याला पत्रात माझं कौतुक लिहिलं. पुढच्या वर्षात आठही मशीनवर त्याच खेड्यातल्या आठ सुना बसल्या, आणि हातही चांगले तयार झाले. अविवाहित पोरी पट्ट्या भरायला आणि खोक्यांत माल बांधायला.

त्याच सुमारास मॅनेजरांनी मला वर्षाच्या सुट्ट्यांची यादी करायला सांगितली. ठाण्याची यादी समोर ठेवली, त्यात गोपाळकाला होता, अनंत चतुर्दशी होती. ते म्हणाले, इथला काही खास सण असेल तर घाल. मी म्हटलं, तसं काही विशेष नाही.

हे मी का म्हटलं ते सांगायला हवं. अखाजी मला माहीत नव्हती असं नाही. अक्षय्य तृतीया म्हणजे आमची अखाजी. खानदेशात दिवाळीपेक्षा तिचा थाट मोठा. लेकी माहेरी येतात, लिंबाच्या फांदीला झोके बांधतात, खापरावर मांडे होतात, पुरुष पत्ते कुटत बसतात, शेतावर वर्षाच्या कराराने राबणाऱ्या सालदाराचं वर्षसुद्धा त्याच दिवशी संपून नवं सुरू होतं. मी स्वतः वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत झोक्यावर बसून घसा बसेस्तोवर गाणी म्हटली आहेत. पण पुण्याला पहिल्याच वर्षी मी कॉलेजात सहज विचारलं होतं, अखाजीला सुट्टी किती दिवस? वर्गातल्या मुली इतक्या हसल्या की त्यानंतर महिनाभर मला तेच नाव पडलं. तेव्हापासून मी 'अक्षय्य तृतीया' म्हणायला शिकले, 'आहे'च्या जागी तोंडात येणारं 'शे' गिळायला शिकले, आणि धुळ्याला परत आल्यावरही ठाण्याच्या माणसांसमोर आपण गावंढळ दिसू नये, याची काळजी घेत राहिले. यादी टाइप करताना माझा हात एकदा थांबला होता, हे मला अजून आठवतं. मग मी पुढची ओळ टाइप केली.

फेब्रुवारीत साहेब आले ते निर्णय घेऊनच. ठाण्यात नवी शेड झाली होती. आठही वाइंडिंग मशीन तिकडे न्यायची आणि धुळ्याचं काम बंद करायचं, असं वर चाललं होतं. आमचे मॅनेजर आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याशी भांडले. शेवटी असं ठरलं, की एक मोठी ऑर्डर धुळ्याला देऊन बघायची. माल ठरल्या शनिवारी ट्रकवर चढला आणि सदोष निघाला नाही, तर मशीन राहतील. नाहीतर तोच ट्रक मशीन घेऊन जाईल. मॅनेजरांनी सगळ्या बायकांना बोलावून हे सरळ सांगितलं. त्या दिवसापासून बायका जेवणाच्या सुट्टीतही मशीनवरून उठेनात.

काम वेगात चाललं होतं. तारखेच्या आधीच माल होईल, असं मॅनेजर म्हणायला लागले. आणि शेवटच्या आठवड्याच्या आधीच्या शनिवारी, सुट्टी झाल्यावर, आठही सुना माझ्या टेबलापाशी रांगेत उभ्या राहिल्या. हसतमुख, डोक्यावर पदर. भाऊ मुराळी म्हणून न्यायला आलाय, उद्या पहाटेच्या गाडीने निघतो, आठ दिवसांनी येतो, असं सांगायला. मी कॅलेंडरकडे पाहिलं. येत्या बुधवारी अखाजी होती. गेल्या अखाजीला ठाण्याहून तारच आली नव्हती, त्यामुळे कारखाना आपोआपच बंद होता आणि कोणाच्या काही लक्षात आलं नव्हतं.

मला त्यांना थांबवता आलं नाही. मी तोंड उघडलं खरं, पण काय बोलणार? वर्षातून एकदा माहेरी जायचं, भाऊ दारात उभा, आणि मी कोण सांगणारी की चोक गुंडाळा? त्यांनी मला गृहीत धरलं होतं. ताई भडगावची आहे, तिला काय सांगायचं, तिने सुट्टी घातलीच असेल. सून कुठे जाणार, असं मी विचारलं होतं. सून माहेरी जाते. हे खानदेशातलं शेंबडं पोरही सांगेल, फक्त बी. कॉम. झालेल्या मला सुचलं नव्हतं.

रविवार मी कसा काढला ते मलाच माहीत. सोमवारी सकाळी मॅनेजर वाइंडिंगच्या खोलीच्या दारात उभे होते. आठ मशीन, आठ रिकामी स्टुलं. पोरींपैकीही निम्म्या आल्या होत्या, आणि त्याही उद्यापासून येणार नाही म्हणत होत्या. मॅनेजरांनी मला विचारलं, इथे काही विशेष नाही म्हणाली होतीस ना? आवाज चढवला नाही त्यांनी. चढवला असता तर बरं झालं असतं. मी रडायला लागले, आणि रडता रडता पुण्याच्या वर्गापासून सगळं सांगून टाकलं. ते ऐकून घेत होते, पण त्यांचं लक्ष मशीनकडे होतं.

तेव्हा अक्का मधे पडल्या. अक्का म्हणजे आमच्याकडे माल तपासणाऱ्या, साठीच्या, त्याच खेड्यातल्या बाई. नजर कमी झालेली, पण चोक हातात घेऊन वजनावरून सांगायच्या की वेढे कमी आहेत. माझं रडणं त्यांना मुळीच आवडलं नाही. त्या म्हणाल्या, "काखमां कळसा नि गावले वळसा. सूना गयात, पन पोरी उन्यात ना गावमां."

मला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. आमच्या पहिल्या आठ पोरी. ज्यांना ठाण्याच्या बाईने शिकवलं होतं, ज्यांच्यावरचा खर्च वाया गेला म्हणून साहेब दर तीन महिन्यांनी हळहळायचे, त्या सगळ्या अखाजीसाठी माहेरी आल्या होत्या. सासरी गेलेल्या सोन्यासारख्या हातांचा अख्खा ताफा कारखान्यापासून तीन किलोमीटरवर झोके घेत होता.

तरी जाऊन विचारायचं कोणत्या तोंडाने? अखाजीला माहेरवाशीण काम करत नाही. घागर भरत नाही, चुलीपाशी बसत नाही, आई तिला उठूसुद्धा देत नाही. वर्षभराचा शिणवटा त्या आठ दिवसांत उतरवायचा असतो. मी अक्कांना सायकलवर डबलसीट घेतलं आणि निघाले. वैशाखाचं ऊन नऊलाच डोक्यावर चढलं होतं. पारापाशी लिंबाला तीन झोके बांधलेले, आणि सगळ्या तिथेच. मेंदीचे हात, कोपरापर्यंत बांगड्या.

मी आडवळण घेतलं नाही. चूक माझी आहे, मी अखाजीची सुट्टीच घातली नाही, आता शनिवारपर्यंत माल गेला नाही तर मशीन ठाण्याला जातील, आणि तुमच्या भावजयांची कामं जातील, एवढं सांगितलं. मॅनेजरांना विचारून आलेय, दुप्पट रोज देऊ, सकाळचे पाचच तास, बुधवारी कारखाना बंद. झोका आपोआप हलत राहिला. मग एकीची आई, जी पारावर बसून ऐकत होती, ती माझ्यावर घसरली. "वरीसभर राबस ती तठे. चार दिन माहेरले उनी, तं आठे बी जुपी राहिनात तिले?"

सासरी वर्षभर राबणाऱ्या लेकीला इथेही जुंपायचं का, हे तिचं खरं होतं. उत्तर तिच्या लेकीनेच दिलं. ही पोर पहिल्या आठांतली सगळ्यात तरबेज. तिचं लग्न शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका वाडीत झालं होतं. शिरपूरला गाडी बदलायची आणि पुढे दोन तास चालायचं, असं गाव. ती झोक्यावरून उतरली, पदर खोचला आणि म्हणाली, "माय, तठलं काम येगळं. हाई मन्हं काम शे."

मंगळवारी सकाळी सातला सात जणी आल्या. आठवीचं मूल आजारी होतं. नवी लुगडी, कपाळभर कुंकू, आणि बांगड्या तारेत अडकू नयेत म्हणून प्रत्येकीने त्या वर सारून रबर लावलेलं. मॅनेजरांनी त्यांना नमस्कार केला आणि बसायची सूचना दिली, तर त्या बसल्याच नाहीत. आधी सगळं मशीन फडक्याने पुसलं, तेलाची कुपी मागितली, एकीने तर सुनेने बदललेली स्टुलाची उंची नाक मुरडत परत आपल्या मापाची करून घेतली. मग तार ओवली. पहिली दहा मिनिटं दोनचार तुटल्या. त्यानंतर खोलीत नुसती घरघर. आठव्या मशीनवर मी बसून पाहिलं, तीन वेळा तार तोडली, तेव्हा शेजारची म्हणाली, ताई, तुम्ही चहाचं बघा. पण चहाचं मॅनेजर बघत होते. अक्कांनी त्यांना बजावलं होतं, की माहेरवाशिणींना हातात चहा द्यायचा असतो. ते कपबशा घेऊन एकेकीपाशी जात होते आणि जाम खूश दिसत होते.

बहिणी कामावर निघाल्या हे पाहून बिनलग्नाच्या पोरींनाही घरी राहवेना, त्याही यायला लागल्या. बाराला काम थांबायचं, मग सगळ्या घोळक्याने गावात परत, जेवण, झोप, आणि ऊन कललं की झोके. बुधवारी मलाही जेवायला बोलावलं. ज्या आईने मला झापलं होतं, तिनेच आमरसात बुडवून मांडा वाढला. वर, पुण्याला असं मिळतं का, हेही विचारून घेतलं. मी झोक्यावर बसले. सहा वर्षांनी बसले होते. गाणी सगळी पाठ होती आणि मी ती मोठ्याने म्हटली.

शुक्रवारी साहेब न सांगता आले. गाडीतून उतरून थेट वाइंडिंगच्या खोलीत. मेंदीभरल्या हातांनी, नव्या लुगड्यांतल्या, अनोळखी बायका मशीन चालवत होत्या. ते दारातच थबकले. त्यांनी तयार चोक उचलून तपासले, वीसेक तरी तपासले असतील, आणि एकही बाजूला काढला नाही. मग विचारलं, या कोण? मॅनेजर माझ्याकडे पाहायला लागले. मी सांगितलं. यादी, माझा 'विशेष नाही', सुना, माहेरवाशिणी, सगळं क्रमाने. नोकरी जाईल असं वाटत होतं, तरी सांगताना हलकं वाटत गेलं. साहेबांनी हातातला चोक खाली ठेवला. मग म्हणाले, म्हणजे आपण ज्यांचा खर्च बुडीत धरला होता, त्या ह्या. मी हो म्हटलं. ते हसले. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहत होते. मशीन इथेच राहतील, असं त्यांनी तिथल्या तिथे मॅनेजरांना सांगून टाकलं.

खोलीत आनंदीआनंद झाला. अक्का डोळे पुसत होत्या. साहेब मोकळे होऊन एकेकीला विचारत फिरले, सासर कुठलं, तिथे काय करता. शिरपूरच्या वरच्या त्या पोरीपाशी आले तेव्हा तिने मशीन थांबवलं. हातातली तार न सोडता तिने त्यांना विचारलं, "साहेब, ठाणाथीन धुळाले मशीनी उन्यात. धुळाथीन आमना गावले कव्हय येतीन?"

साहेबांना बोली नीट कळली नसावी. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आणि धुळ्याहून आमच्या गावाला मशीन कधी येतील असं ती विचारतेय, हा अर्थ त्यांना सांगायच्या ऐवजी मी तिलाच समजवायला लागले. मी म्हटलं, अगं, तुझ्या गावाला वीज नाही, रस्ता नाही. तार एवढ्या लांब न्यायची, माल परत इथे आणायचा, ते कसं परवडेल?

तिने ऐकून घेतलं. रागावली नाही. "हा," ती म्हणाली. "ठाणावाला बी असंच म्हनेत." आणि तिने मशीन सुरू केलं.

मला त्या दिवशी झालेला आनंद अर्धा राहिला. मागास हे विशेषण मला बोचलं होतं, आणि आता मीच ते दुसऱ्याच्या कपाळी चिकटवत होते. शनिवारी ट्रक गेला. सगळे पेढे खात असताना मी मॅनेजरांना गाठलं आणि विचारलं, हाताने फिरवायची वाइंडिंग मशीन असतात ना? ते म्हणाले, असतात, पण वेग निम्मासुद्धा नाही, परवडणार नाही. मी म्हटलं, एकच द्या. न परवडण्याचं मी लिहून देते.

त्यांनी काही लिहून घेतलं नाही. दिवाळीनंतर एक जुनं हातयंत्र आणि तारेची चार रिळं बसच्या टपावरून शिरपूरला गेली, आणि तिथून पुढे त्या पोरीच्या नवऱ्याच्या डोक्यावरून. आठवडी बाजाराच्या दिवशी तो बॉबिनी पिशवीतून शिरपूरला आणायचा, तिथून त्या धुळ्याला यायच्या. पहिलं वर्ष परवडलं नाही. दुसऱ्या वर्षी मागणी वाढली तेव्हा मॅनेजर स्वतःच म्हणाले, अजून एक पाठवू.

मी त्या वाडीला एकदाच गेले. दुसरं यंत्र पोचलं त्या उन्हाळ्यात. घाम पुसत दारात उभी राहिले तर आतून कोणाला तरी झापल्याचा आवाज येत होता. यंत्रावर तिची सासू बसली होती, खाली मान घालून, आणि ही मांडीवर पोर घेऊन शेजारी बसून, वेढे चुकले म्हणून तिला सगळं उलगडायला लावत होती.